पशुमल-संस्करण आणि जलप्रदूषण

पशुमल-संस्करण : गाई, म्हशी, घोडे, शेळ्या, कोंबड्या इ. पाळीव पशुपक्ष्यांच्या मलमूत्रातील पोषक द्रव्ये पाण्यात मिसळून ते दूषित होऊ नये, यासाठी त्या मलमूत्राचा संग्रह, विघटन, पृथक्करण आणि शेतीतील विनियोग ज्या पद्धतींनी केला जातो त्या पद्धतींना समुच्चयाने पशुमल-संस्करण असे म्हणतात. ‘पोषक द्रव्ये’ या संज्ञेने येथे प्रामुख्याने नायट्रोजन व फॉस्फरस ही दोन मूलद्रव्ये अभिप्रेत आहेत. शेतात जे खत असते तेच विहिरीत वा नदीत गेले म्हणजे प्रदूषक ठरते. त्यामुळे या विषयाचा विचार आरोग्य आणि शेती अशा दोन्ही बाजूंनी करावा लागतो. [→ खते, जलप्रदूषण].

महाराष्ट्रात या प्रश्नाचे स्वरूप रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत विशेष स्पष्टपणे दिसते. सह्याद्रीच्या पायथ्याचे हे दोन तालुके समुद्रापासून आत असून भात हे त्यांचे मुख्य पीक आहे. पर्जन्यमान वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक असून त्यातील बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कर्जत तालुक्यातच मोडणाऱ्या माथेरानच्या पठारावर तो सु. ५,००० मिमी.पर्यंत जातो. राजमाचीच्या डोंगरभागात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत तालुक्यातून वाहत बदलापूर, कल्याणकडे जाते. पाताळगंगा खालापूर तालुक्यातून रसायनीच्या औद्योगिक क्षेत्राकडे जाते. खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथील टाटांच्या जलविद्युत् केंद्रांतून वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी अनुक्रमे पाताळगंगेस आणि पेज नदीमार्गे उल्हासेस मिळते. यामुळेच या नद्या उन्हाळ्यातही वाहत्या राहतात. उल्हासेच्या पाण्यावर बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली ही शहरे अवलंबून आहेत. खालापूर तालुक्यातील धावरी नदीवरचे मोरबे धरण नवी मुंबईला पाणी पुरवते. म्हणजे या दोन तालुक्यांतील एखाद्या गोठ्यामागून वाहणारा पऱ्ह्या हा लक्षावधी लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा आरंभ असतो.

मलमूत्रातील घटक व त्यांचे पाण्यातील परिणाम : ताज्या शेणात सु. ८० टक्के पाणी असते. नायट्रोजनाचे प्रमाण ०·३ ते ०·५ टक्के, तर फॉस्फरस (ऑक्साइडाच्या रूपात मोजल्यास) ०·१ ते ०·२ टक्के एवढेच असते. गोमूत्रात नायट्रोजन सु. १ टक्का असतो, म्हणजे शेणाच्या दुपटीहून अधिक. मात्र फॉस्फरस जवळजवळ नसतो. चांगला आहार मिळणाऱ्या एका म्हशीच्या शेण व मूत्र यांतून दिवसाला १०० ग्रॅ.हून अधिक नायट्रोजन बाहेर पडतो. वर्षाचा हिशेब सु. ४० किग्रॅ. होतो. ४५ किग्रॅ.च्या यूरियाच्या एका गोणीत सु. २१ किग्रॅ. नायट्रोजन असतो. तेव्हा एक म्हैस वर्षभरात जवळजवळ दोन गोण्या यूरियाइतका नायट्रोजन देते आणि त्यातील निम्म्याहून अधिक मूत्रात असतो. कोकणातील गोठ्यांत शेण काळजीने गोळा केले जाते, मूत्र मात्र मोरीवाटे सोडून दिले जाते. शेतकऱ्याचा तोटा आणि ओढ्याचे प्रदूषण या दोन्हींची सुरुवात येथेच होते.

मूत्रातील यूरियाचे सूक्ष्मजंतूंच्या एंझाइमामुळे काही तासांतच अमोनियात रूपांतर होऊ लागते. गोठ्यात येणारा झोंबरा वास या अमोनियाचाच असतो. अमोनियाचा काही भाग हवेत जातो. उरलेल्यापासून जमिनीतील ऑक्सिजीवी जंतू प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात (नायट्रीकरण). नायट्रेट मातीच्या कणांना चिकटून राहत नाही. ते पाण्याबरोबर सहज खाली झिरपते व विहिरीत पोहोचते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटाची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ४५ मिग्रॅ. आहे. याहून अधिक नायट्रेट असलेले पाणी वरच्या दुधात वापरले गेल्यास तान्ह्या मुलांच्या रक्तातील हीमोग्लोबिनाची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते व अंग निळसर पडते. फॉस्फरसाचे वर्तन याच्या उलट असते. जांभ्या व तांबड्या मातीतील लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी तो घट्ट बांधला जातो आणि विरघळून जाण्यापेक्षा धुपून जाणाऱ्या गाळाबरोबर वाहतो. साचलेल्या पाण्यात लिटरला ०·०३ मिग्रॅ.इतका अल्प फॉस्फरसही शेवाळाची बेसुमार वाढ होण्यास पुरेसा असतो. शेवाळ मरून कुजू लागले की पाण्यातील ऑक्सिजन संपतो व मासे मरतात. या अवस्थेस अतिपोषण म्हणतात. कल्याणच्या परिसरात उल्हास नदीवर पसरणारी जलपर्णी हे अतिपोषणाचे उघड लक्षण आहे. तेथे शहरी सांडपाण्याचा वाटा मोठा आहे, हे नमूद केले पाहिजे. पाताळगंगेच्या बाबतीत कारखान्यांचेही उत्सर्जन त्यात मिसळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत या दोन्ही नद्यांचे काही पट्टे प्रदूषित म्हणून नोंदले गेले. शेणाला एकट्याला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु वरच्या बाजूच्या वाड्यांवर, जेथे ना कारखाना ना गटार, तेथील झऱ्या-विहिरींना धोका प्रामुख्याने मलमूत्राचाच असतो.

आणखी एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. ग्रामपंचायती विहिरीच्या पाण्यात टीसीएल म्हणजे विरंजक चूर्ण टाकून ते निर्जंतुक करतात. पाण्यात अमोनिया असेल, तर क्लोरीन प्रथम त्याच्याशी संयोग पावते. अमोनियातील एक भाग नायट्रोजनासाठी आठ ते दहा भाग क्लोरीन खर्ची पडते. त्यामुळे नेहमीच्या मापाने चूर्ण टाकूनही पाण्यात जंतुनाशक क्लोरीन शिल्लक राहत नाही. पावसाळ्याच्या प्रारंभी, जेव्हा उकिरड्यातून पाझर सुरू होतो, नेमकी तेव्हाच ही फसगत होते. अतिसाराच्या साथीही बहुधा याच दिवसांत उद्‌भवतात.

परंपरागत विनियोग : कोकणातील शेणाचा सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण उपयोग राबात होत आला आहे. भाताची रोपे जेथे वाढवावयाची त्या जमिनीवर शेण वा गोवऱ्या, झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत व माती यांचे थर देऊन उन्हाळ्याच्या अखेरीस ते पेटवून देतात. उष्णतेने तणाचे बी व कीड मरते आणि राखेतून पोटॅश व फॉस्फरस मिळतात. मात्र शेणातील जवळजवळ सर्व नायट्रोजन जळून हवेत जातो. डहाळ्या तोडण्याच्या हक्कावरून एकोणिसाव्या शतकात ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकरी व वन खाते यांत तीव्र वाद झाला व त्याच्या चौकशीसाठी सरकारने १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला. त्या वेळी कर्जतचा समावेश ठाणे जिल्ह्यात होता. जलप्रदूषणाच्या दृष्टीने राब हा गमतीचा विषय आहे. त्यात खताचा अपव्यय होतो खरा, पण जळून गेलेला नायट्रोजन नदीत जात नाही.

उरलेले शेण उकिरड्यावर पडते. बहुतेक गावांत उकिरडा गोठ्यालगत, उघड्यावर आणि उतारावर असतो. कारण सोयीचे आहे : तेथून पाणी आपोआप निघून जाते. चैत्र-वैशाखात खत गाड्यांनी शेतात नेऊन त्याचे लहान लहान ढीग घालून ठेवण्याची रीत आहे. मृगाचा पाऊस वेळेवर व जोराने आला, तर नांगरट होण्यापूर्वीच या ढिगांतील विद्राव्य भाग ओढ्याला मिळतो. मागे जे राहते ते काळेभोर दिसते, म्हणून कसदार वाटते. वास्तविक तो बव्हंशी चोथा असतो.

संग्रह : देशावर जी पद्धत चालते ती जशीच्या तशी कोकणात चालत नाही, याचे कारण पाऊस. १० चौ. मी. क्षेत्राच्या उघड्या उकिरड्यावर एका पावसाळ्यात ३०,००० लि.हून अधिक पाणी पडते. कोणत्याही सुधारित प्रक्रियेपूर्वी हे पाणी दूर ठेवणे आवश्यक असते. यासाठी खतखड्ड्यावर पेंढ्याचे, ताडपत्रीचे वा पत्र्याचे छप्पर, छपराच्या पागोळ्या खड्ड्याबाहेर नेणारी पन्हळ, वरच्या अंगाने येणारे पाणी वळविणारा चर, दगडी फरशीचा किंवा काँक्रीटचा तळ आणि गोठ्याच्या मोरीला जोडलेले मूत्रकुंड एवढी रचना पुरते. पावसाळ्यात भूजलाची पातळी काही ठिकाणी जमिनीच्या पृष्ठापर्यंत येते, म्हणून येथे खोल खड्ड्यापेक्षा जमिनीवर बांधलेला ओटा अधिक योग्य ठरतो. गुरांखाली भाताचे तूस, पेंढा किंवा वाळलेला पाला अंथरल्यास मूत्र त्यात शोषले जाते व कुंडाचीही गरज कमी होते. पश्चिमेकडील देशांतील खर्चिक संस्करण-यंत्रांच्या तुलनेत हे उपाय सामान्य वाटतात. तथापि या भागापुरते बोलायचे, तर पाण्यात जाणारी पोषक द्रव्ये रोखण्यात छपराइतका उपयोग दुसऱ्या कोणत्याही साधनाचा होत नाही. शासकीय साहाय्य मात्र छपरापेक्षा संयंत्रांना अधिक सहजपणे मिळत आले आहे.

कंपोस्ट : हवेच्या सान्निध्यात ओलसर सेंद्रिय पदार्थ कुजविल्यास ढिगाचे तापमान ५५ ते ६५° से.पर्यंत चढते. त्यात रोगजंतू व तणाचे बी नष्ट होते आणि विद्राव्य नायट्रोजन सूक्ष्मजंतूंच्या शरीरात बांधला जाऊन ह्यूमसाच्या रूपात स्थिर होतो. असे खत पावसाने सहजासहजी धुपत नाही. यासाठी कार्बन व नायट्रोजन यांचे गुणोत्तर सु. ३० : १ असावे लागते. शेणात ते सु. २० ते २५ असते, तर भाताच्या पेंढ्यात ७० च्या आसपास. म्हणून दोहोंचे मिश्रण हितकारक ठरते. नुसत्या शेणाचा ढीग घातल्यास जादा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात उडून जातो. या प्रक्रियेला शास्त्रीय बैठक देण्याचे काम आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी १९२४–३१ या काळात इंदूर येथे केले. कोकणात मलमूत्रापासून खत करण्याच्या कार्याला कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी सामाजिक अधिष्ठान दिले. शेणाचा तुटवडा असलेल्या शेतकऱ्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी ‘नाडेप’ पद्धत तयार केली. तीत १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशा झरोकेदार विटांच्या टाकीत सु. १,४०० ते १,५०० किग्रॅ. काडीकचरा, सु. १०० किग्रॅ. शेण व चाळलेली माती यांचे थर देतात. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. टाकी जमिनीच्या वर असल्यामुळे ती कोकणास सोयीची आहे. मात्र पावसाळ्यात तिच्यावर आच्छादन नसल्यास झरोक्यांतून सत्त्व पाझरते.

जैव वायू संयंत्रे : शेणावर वायुविरहित किण्वनाची क्रिया घडवून ज्वलनशील वायू मिळविण्याच्या भारतातील प्रयत्नांचा आरंभ मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्ये झाला, तेथे मानवी मलाचा उपयोग करण्यात आला होता. पुढे जशभाई पटेल यांनी १९५० नंतरच्या दशकात तरंगत्या टोपीचे संयंत्र प्रचारात आणले आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा पुरस्कार केला. शासनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१–८२ मध्ये सुरू झाला. स्थिर घुमटाचे व खर्चाने कमी असे ‘दीनबंधू’ संयंत्र १९८४ मध्ये पुढे आले. केंद्र शासनाची ‘गोबरधन’ योजना २०१८ पासूनची आहे.

शेण व पाणी समभाग कालवून तयार केलेला शेणकाला महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात ३० ते ४० दिवस पाचकात राहतो. अनॉक्सिजीवी जंतू प्रथम त्यातील जटिल पदार्थांची सेंद्रिय अम्ले व नंतर अम्लांपासून मिथेन बनवितात. वायूत ५५ ते ६० टक्के मिथेन व उरलेला बहुतांश कार्बन डाय-ऑक्साइड असतो. १ किग्रॅ. शेणापासून सु. ४० लि. वायू मिळतो. २ घ. मी. क्षमतेच्या संयंत्राला रोज ५० किग्रॅ. शेण लागते. ते साधारणपणे चार-पाच जनावरांपासून मिळते. कोकण कपिला जातीच्या लहानखुऱ्या गाई असल्यास अधिक जनावरे लागतात. कर्जत-खालापूरच्या उबदार हवेत हिवाळ्यातही वायूचे उत्पादन फारसे मंदावत नाही. तथापि पावसाळ्यात भूजल वर आल्याने रिकामा पाचक उचलला जाणे, बांधकामास तडे जाणे आणि निर्गम-कुंडात पाणी भरणे या अडचणी येथे येतात.

या संयंत्राविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. जैव वायू संयंत्र बसविले म्हणजे शेणाचे ‘शुद्धीकरण’ झाले, असे मानले जाते. सेंद्रिय कार्बनाच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. पाण्यातील ऑक्सिजन शोषून घेण्याची शेणाची क्षमता पाचनानंतर पुष्कळ घटते, दुर्गंधी व माश्या कमी होतात, रोगजंतूंची संख्याही उतरते आणि घरातील धूर जातो, हा लाभ तर निर्विवाद आहे. पण नायट्रोजन व फॉस्फरस यांपैकी काहीही वायूबरोबर निघून जात नाही. जेवढे आत गेले तेवढे पाचित राबडीतून बाहेर येते. इतकेच नव्हे, तर सेंद्रिय रूपात बांधलेल्या नायट्रोजनाचा मोठा भाग पाचनामुळे अमोनियम रूपात मोकळा होतो. तो पिकाला लवकर मिळतो, तसाच ओढ्यालाही लवकर मिळतो. म्हणून राबडी पावसात वाहू दिल्यास साध्या शेणापेक्षा ती पाण्याला अधिक त्वरेने दूषित करू शकते. राबडी उघड्यावर वाळविल्यास तिच्यातील बराच अमोनिया हवेत जातो व खताची किंमत घटते. वाळलेला पाला व पेंढा यांच्या ओट्यावर ती रोज ओतून त्यांच्यासह कुजविणे हा सर्वांत चांगला मार्ग होय. पाल्यातील कार्बन अमोनियाला बांधून ठेवतो. जून ते सप्टेंबर या काळात साठवणासाठी निदान चार महिन्यांची आच्छादित जागा हवी. एवढी जागा नसेल, तर संयंत्र उभारताना ती आधी करावी आणि टोपीचा विचार नंतर करावा. कार्यक्रमाच्या अहवालांत बांधलेल्या संयंत्रांची संख्या येते. राबडी कोठे गेली याची नोंद होत नाही.

कुक्कुटपालन केंद्रांची विष्ठा : कोंबडीखतात पाणी कमी व सत्त्व अधिक असते. नायट्रोजन सु. ३ टक्के आणि फॉस्फरस (ऑक्साइड) सु. २·६ टक्के, म्हणजे शेणखताच्या कित्येक पटींनी. पक्ष्यांना मिळणारे खाद्य मका व सोयाबीन यांचे असून ते बाहेरगावाहून येते. त्यामुळे दूरच्या शेतातील फॉस्फरस येथे आणून ओतला जातो. धान्यातील बराच फॉस्फरस फायटेट या रूपात असतो व तो कोंबडीला पचत नाही. खाद्यात फायटेज हे एंझाइम मिसळल्यास तो पचतो आणि विष्ठेतील फॉस्फरस कमी होतो. प्रदूषण उगमापाशीच रोखण्याचा हा प्रकार आहे. मांसल कोंबड्यांच्या शेडमध्ये जमिनीवर भाताच्या तुसाची गादी अंथरतात. कर्जत हे भातगिरण्यांचे क्षेत्र असल्याने तूस जवळच उपलब्ध होते. गादी कोरडी राहिल्यास अमोनिया कमी सुटतो, माश्या कमी होतात व खत गोणीत भरून विकता येते. शेडच्या कडेने पावसाचा झोत आत आला, की हा सर्व लाभ जातो. भिजलेल्या कोंबडीखताचा ढीग शेडमागे टाकणे हा या व्यवसायातील सर्वांत गंभीर दोष होय.

माथेरानचे घोडे : माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने प्रवासी व माल यांची वाहतूक घोड्यांवर व माणसांवर अवलंबून राहिली. तेथे सु. ४६० परवानाधारक घोडे आहेत. एक घोडा दिवसाला सु. १५ किग्रॅ. लीद टाकतो असे धरल्यास हा आकडा रोज सात टनांच्या आसपास जातो. रस्त्यावर पडलेली लीद टापांखाली चुरून तांबड्या धुळीत मिसळते आणि पहिल्या सरींत पठाराच्या उतारांवरून खाली वाहते. शार्लट तलावाचा पाणीपुरवठ्यासाठी उपयोग होतो. शिवाय नेरळजवळून उल्हास नदीचे पाणीही पंपांनी वर चढविले जाते. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला. लीद ही वस्तुतः कंपोस्टासाठी उत्तम. ती तंतुमय, कोरडी व हवा खेळती ठेवणारी असते आणि तिचा ढीग शेणापेक्षा लवकर तापतो. अडचण प्रक्रियेची नसून गोळा करण्याची आहे. तबेल्यातील लीद एका जागी मिळते, वाटेवरची रोज झाडावी लागते. आणि तयार झालेले खत वापरावयास पठारावर शेती नाही. ते घाट उतरून नेरळच्या बाजूला न्यावे लागते.

द्रव भागाचे संस्करण : म्हशींचे मोठे तबेले पाण्याने धुतले जातात. एका जनावरामागे रोज १०० ते १५० लि. पाणी लागते. असे पातळ सांडपाणी वाहून नेणे परवडत नाही, म्हणून चाळणीने वा मळसूत्री दाबयंत्राने घन व द्रव भाग वेगळे करतात. घन भागात फॉस्फरसाचा मोठा अंश येतो, द्रवात अमोनिया राहतो. द्रवात चुना वा तुरटी घातल्यास उरलेला फॉस्फरस साक्याच्या रूपात खाली बसतो. नायट्रोजन घालविण्यासाठी आधी हवा खेळवून नायट्रीकरण व नंतर हवा बंद करून विनायट्रीकरण घडवितात. त्यात नायट्रेटाचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू होतो. मॅग्नेशियमाचे लवण घालून अमोनियम व फॉस्फेट यांचे एकत्र स्फटिक (स्ट्रुव्हाइट) मिळविण्याची पद्धतही प्रगत देशांत वापरली जाते. नेदर्लंड्समध्ये जमिनीच्या मानाने डुकरे व कोंबड्या फार वाढल्याने १९८४ पासून निर्बंध घालावे लागले. यूरोपीय समूहाच्या १९९१ च्या नायट्रेटविषयक निर्देशाने संवेदनशील क्षेत्रांत हेक्टरी वर्षाला पशुखतातून १७० किग्रॅ. नायट्रोजन ही कमाल मर्यादा ठरविली. मुंबईच्या उपनगरांतील तबेल्यांचे शेण मिठी, दहिसर, पोईसर या नद्यांत जाऊ लागले, तेही याच जातीचे उदाहरण होय. चारा व पेंड बाहेरून येते, पण शेण परत जाण्यासाठी जमीन नसते. आरे दुग्ध वसाहत (१९४९) व पुढे डहाणू तालुक्यातील दापचरी येथील दुग्धप्रकल्प या गुरे शहराबाहेर हलविण्याच्या योजना होत्या.

लहान तबेल्यासाठी यंत्रांची गरज नाही. सलग दोन-तीन उथळ तळी व त्यांच्या शेवटी वाळा, कर्दळ, पाणकणीस यांसारख्या वनस्पतींची पाणथळ जागा केल्यास पुष्कळसा नायट्रोजन मुळांशी असलेल्या जंतूंकडून निघून जातो. वाढलेल्या वनस्पती कापून बाहेर नेल्या नाहीत, तर त्या कुजून शोषलेली द्रव्ये परत पाण्यात सोडतात. पावसाळ्यात या तळ्यांचे पाणी ओसंडून जाते, म्हणून त्यांचा उपयोग येथे आठ महिन्यांपुरताच समजावा.

भातखाचरातील विनियोग : बांधांनी अडविलेले, पाण्याने भरलेले भाताचे खाचर हे स्वभावतःच एक संस्करण-कुंड आहे. वरच्या काही मिमी. थरात ऑक्सिजन असतो, तेथे नायट्रीकरण होते. त्याखालच्या काळसर चिखलात ऑक्सिजन नसतो, तेथे नायट्रेट पोहोचताच त्याचा वायू होऊन जातो. अमोनियम मात्र खालच्या थरात सुरक्षित राहते व रोपाला मिळते. म्हणून खत किंवा राबडी पाण्यावर टाकू नये, ती चिखलणीच्या वेळी मातीत गाडली जावी. त्यानंतर निदान आठवडाभर बांधाचे तोंड उघडू नये. चिखलणीचे गढूळ पाणी लगेच खालच्या खाचरात सोडण्याची सवय असते. त्या गाळाबरोबरच फॉस्फरस जातो. डॉ. ना. कृ. सावंत यांनी पुरस्कारिलेल्या चारसूत्री भातशेतीत यूरिया व डीएपी यांच्या दाबलेल्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंमी. खोल खोचतात. तिचे तत्त्व हेच होय. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणीच करीत नाहीत. कायमच्या गादीवाफ्यांवर बी टोकतात व जुनी मुळे जमिनीतच कुजू देतात, त्यामुळे गाळ वाहून जाणे थांबते. मात्र तेथे खत गाडण्यासाठी चिखलणीची संधी नसते, म्हणून पूर्ण कुजलेले कंपोस्टच वापरावे लागते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र कर्जत येथेच आहे. सुधारित भातासाठी हेक्टरी १०० किग्रॅ. नायट्रोजनाची शिफारस आहे. ही गरज, काही नाश गृहीत धरूनही, चार-पाच म्हशींच्या मलमूत्रातून भागू शकते, परंतु मूत्र गोळा केले तरच.

कायदा : महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा १९६९ मध्ये केला व १९७० मध्ये राज्य मंडळ स्थापन झाले; केंद्राचा जल अधिनियम १९७४ चा आहे. दुग्धशाळा व गोशाळांसाठी केंद्रीय मंडळाने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. ५,००० हून अधिक पक्ष्यांची कुक्कुटपालन केंद्रेही त्यानंतर नियमांच्या कक्षेत आली. दोन-चार जनावरांचे गोठे या नियमांत येत नाहीत. कर्जत-खालापुरातील बहुसंख्य गोठे असेच आहेत. त्यांचा उपद्रव एकेकट्याने अल्प असला, तरी एका ओढ्याच्या काठी असे दहा गोठे असतात. तेथे ग्रामपंचायतीने विहिरीच्या वरच्या अंगाचे उकिरडे हलविणे हाच व्यवहार्य उपाय होय.

गेल्या काही दशकांत या तालुक्यांत पॉवर टिलर आल्याने बैल कमी झाले, त्यामुळे शेणही घटले. परंतु त्याहून झपाट्याने भातजमिनी कमी होत आहेत. शेतघरे, विश्रामगृहे व गृहसंकुले यांसाठी खाचरांचे बांध फोडून जमीन सपाट केली जाते. पूर्वी डोंगराच्या उतारावरून आलेले पाणी एकामागून एक अशा पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांतून थांबत थांबत नदीस मिळे. बांध गेल्यावर ते सरळ जाते. शेडमधले कोंबडीखत जे पूर्वी शेजारच्या शेतात जाई, त्यालाही आता दूरचे गिऱ्हाईक शोधावे लागते.